आडवं बोअर

चिंच लावून घागर लख्ख झाली होती, तरी मीनाबाई ती घासतच होत्या. चुलीवर घुगऱ्यांचे गहू रटरटत होते. अकरा वाजेपर्यंत ब्राह्मणपुरीहून सुनेच्या, मोहिनीच्या माहेरची माणसं येणार होती. बाळाला आज सव्वा महिना झाला. आज मोहिनीने विहीर पुजायची, पहिली घागर स्वतः ओढायची, त्या पाण्याची पहिली ओंजळ वयाने सगळ्यांत थोर माणसाने प्यायची आणि मगच सुनेने पुन्हा चुलीला हात लावायचा. मीनाबाईंनी हे तीनदा केलं होतं, धर्मेंद्रच्या वेळी, दामिनीच्या आणि मग भूपेंद्रच्या. तिन्ही वेळा ओंजळ सासऱ्यांची होती. आता ती नवऱ्याची, शांतीलालांची होती.

आणि विहिरीचं पाणी गेल्या पंधरवड्यापासून चहाच्या रंगाचं होतं.

"माय, घागर झिजी जाई," बाळाला न्हाऊ घालायला नाल्याकाठच्या वस्तीवरून आलेली कालीबाई म्हणाली. ती पाटावर पाय लांब करून बसली होती आणि पायांवर बाळ होतं. तेल लावलेलं ते इवलं अंग ती तळव्याने चोळत होती. शेजारी विकतच्या पाण्याचा जार होता. भूपेंद्र रोज शहाद्याहून चार जार आणायचा, दोन बाळाच्या अंघोळीला आणि दोन प्यायला.

"तुम्हना पंपनं पानी कशे शे?" मीनाबाईंनी विचारलं. विचारल्यावर त्यांना वाटलं, हे इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा विचारतेय आपण.

"शे तसंच. फडकं लायसन गाळतस. रंग जात नई, वास बी जात नई." कालीबाईने बाळाला पालथं केलं. "पन तहान ऐकत नई ना, माय. रामसिंगनं पोट चार दिन व्हयनात, बसेल नई. नातू बी तसाच."

जारातलं कोमट पाणी तिने बाळाच्या पाठीवर सोडलं. ते स्वच्छ पाणी मोरीतून वाहत परसात गेलं. दोघींनीही ते जाताना पाहिलं.

---

ओसरीवर भावाभावांचं जुंपलं होतं. दामिनी मांडीवर कागद घेऊन बसली होती.

नाशिकच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सहावं वर्ष चालू होतं. दहा दिवसांपूर्वी ती येऊन नऊ ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली होती. काल निकाल आले. रात्रभर बसमध्ये तिने ते इतक्या वेळा वाचले, की आकडे आता पाठ होते. पण ते मोठ्याने वाचायला तिची जीभ वळत नव्हती.

"दादा, तुम्हनी फॅक्टरीनं पानी आम्हनी इहीरमा उनं," भूपेंद्र म्हणत होता. "याना म्होरे आजून काय ऱ्हायनं?"

धर्मेंद्र इथेनॉलच्या कारखान्यात सांडपाणी विभागाचा प्रमुख होता. वस्तीवरच्या लोकांनी प्रदूषण मंडळाला अर्ज दिला होता आणि अर्जात त्याचं नाव होतं. उद्या मंडळाची माणसं नमुने घ्यायला येणार होती. कारखान्याने त्याला कालच बजावलं होतं, दोष निघाला तर तुमचा, आमचा नाही.

"तळ्याला दुहेरी अस्तर आहे," तो म्हणाला. "रोज मी स्वतः फिरून बघतो. आणि कारखाना उतारावर आहे, दोन किलोमीटर खाली. पाणी चढावर जातं का, भूपा?"

"तुम्हनं पानी काय बी करू सकस. पुन्याना गाड्या चालाडस, मंग चढ काय मोठा?"

एरवी धर्मेंद्र हसला असता. "त्याच गाड्यांमुळे तुझा ऊस वेळेवर तुटतो. विसरलास? मार्च संपला तरी फड उभा असायचा. तुरे फुटायचे. अण्णा पहाटे उठून तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या दारात जाऊन बसायचे."

"मी काय इसरनू नई. ऊस वेळवर जास, ते खरं. पन पेवाले काय?"

दामिनीला दोघांचंही खरं वाटत होतं, आणि तेच अवघड होतं. कॉलेजात असताना तिने याच विषयावर भाषण केलं होतं. ऊस हवेतला कार्बन घेतो, इंधन जळालं की तोच परत हवेत जातो, नवा ऊस तो पुन्हा घेतो. फळ्यावर तिने वर्तुळ काढलं होतं. तिचे अण्णा, शांतीलाल, शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. वर्तुळात फक्त हवा होती. एक लिटर इथेनॉलमागे मळीचं दहा-बारा लिटर काळपट पाणी उरतं, ते तिने काढलं नव्हतं. ते पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळायचं असतं. जोवर बॉयलर चालू असतो, तोवर ते कोणाला दिसत नाही.

"दोघंही थांबा," ती म्हणाली. "कारखान्याच्या कुंपणाला लागून विहीर आहे, तिथे पोटॅशियम, म्हणजे मळीच्या पाण्याची खूण, लिटरला तीन मिलिग्रॅम. शाळेच्या बोअरला चार. नाल्यापलीकडे चार. वस्तीच्या हातपंपाला एकशे चाळीस. आपल्या विहिरीला दोनशे बारा."

"म्हंजे?"

"म्हणजे कारखान्याजवळ पाणी चांगलं आहे आणि आपल्याकडे सगळ्यांत वाईट. ते कारखान्यातून झिरपत आलेलं नाही, भूपा. ते इथूनच उतरतंय, आपल्या शेतातून."

भूपेंद्र केळीच्या बागेकडे बघत राहिला. धर्मेंद्रच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र हळूहळू उतरत गेला.

"डिसेंबरात बॉयलर बंद होता," तो म्हणाला. "एकोणीस दिवस. तळं काठोकाठ भरलं. तेव्हा अण्णा म्हणाले, मळीचं पाणी आपल्या उसाला दे, खत आहे ते. मोजून, पातळ करून दिलं तर चालतं. मी टँकर पाठवले. सव्वीस."

"केवढ्याचा टँकर?"

"वीस हजार लिटरचा."

"पाच लाख वीस हजार लिटर," दामिनी म्हणाली. "सहा एकर उसात? पातळ न करता? रान चिखल झालं असतं, दादा. ऊस करपला असता."

भूपेंद्र त्या दिवसांत मोहिनीला घेऊन नंदुरबारच्या दवाखान्यात होता. तिला सातवा लागला होता आणि डॉक्टरांनी उठू दिलं नव्हतं. "मी उनू तव्हय ऊस कोरडाच व्हता," तो सावकाश म्हणाला. "माले आठोस. मी दुसराच दिन मोटर लायी."

तिघांनीही एकदमच ओसरीच्या टोकाला असलेल्या खाटेकडे पाहिलं. शांतीलाल तिथे नव्हते.

---

ते जुन्या कोरड्या विहिरीवर होते. तोंडावर पत्रे, पत्र्यांवर कापसाच्या पऱ्हाट्या, पऱ्हाट्यांवर दगड. डिसेंबरापासून ही राखण ते एकटेच करत होते.

आयुष्यात त्यांनी काही वाया जाऊ दिलं नव्हतं. केळीचं खोड कुजवून खत केलं, उसाचं पाचट कधी पेटवलं नाही, तापीचा गाळ बैलगाडीने आणून रानात पसरला. तीन वर्षांपूर्वी मळीच्या पाण्याचा एक टँकर, भरपूर पाण्यात मिसळून, त्यांनी अर्ध्या एकराला दिला, तेव्हा ऊस असा काळाभोर आला की रस्त्याने जाणारे थांबून बघत. मग सव्वीस टँकर आले. एकदम द्यायचे नाहीत, हे त्यांनाही कळत होतं. उन्हाळ्यात थोडं थोडं द्यावं, तोवर साठवावं. साठवायला घरची विहीर होतीच. बेचाळीस फूट, दगडी बांधणी, तीस वर्षं कोरडी. त्यांनी ड्रायव्हरला हात केला, इथे सोड.

रोज सकाळी ते पत्रा सरकवून डोकावत. पातळी उतरायची. उन्हाने आटतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पत्र्याखाली ऊन कुठून येणार, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

नाल्याकडून कालीबाईचा रामसिंग काठी टेकत आला. आता वापरात असलेली नवी विहीर खणली तेव्हा तळाशी सुरुंगाची भोकं पाडणारा हाच. आता त्याच्या गालफडांची हाडं वर आली होती. तो थोडा लांबच बसला.

"पाटील," तो म्हणाला, "सत्याऐंशीना दुस्काळ याद शे ना?"

"शे."

"नवी इहीरनं पानी तुटनं. तव्हय तुम्ही मशीन आनं. इहीरमा उतारं. आडवं बोअर मारं, ही जुनी इहीरकडे. हिन्हामा थोडंफार पानी ऱ्हाई, ते तिकडे ओढानं म्हनीसन." रामसिंगने काठीने मातीत एक सरळ रेघ ओढली. "ऐंशी फूट. गज मीच धरेल व्हता. हात आठ दिन थरथरे."

शांतीलाल त्या रेघेकडे बघत राहिले. बोअर कोरडं गेलं होतं. एक थेंब आला नव्हता. मशीनवाल्याने सामान बांधलं, आषाढात पाऊस आला, आणि पाणी न देणारं ते बोअर घरातले सगळे विसरून गेले. तेही विसरले होते. होळीआधी एकदा, पातळी उतरताना, मनाच्या तळाशी काहीतरी हललं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

आता बोअरने पाणी दिलं होतं.

"तू अर्जमा हे लिखाडं?"

"नई."

"कसाले नई?"

"तुम्हीच सांगशात, असं वाटनं." रामसिंग उठला. उठताना त्याने पोटाशी हात धरला. "उद्या ते लोके येतीन. धर्माभाऊनं काही होई का?"

उत्तराची वाट न पाहता तो काठी टेकत नाल्याकडे निघाला.

---

पाहुण्यांच्या दोन गाड्या आल्या. बायका आत गेल्या. परसात, गोठ्याच्या आडोशाला, धर्मेंद्र, भूपेंद्र आणि दामिनी उभे होते. अण्णा तिथून उठल्यावर तिघं जुन्या विहिरीवरचा पत्रा सरकवून आतलं काळं पाणी पाहून आले होते. अर्ध्या तासापूर्वी एकमेकांवर धावून जाणारे दोघे भाऊ आता एका बाजूला होते.

"जेसीबीवालाले मी फोन करेल शे," भूपेंद्र म्हणाला. "तीन वाजता येस. मुरूम टाकीसन जुनी इहीर बुजी टाकसूत. उद्या कोन काय देखस?"

"बुजवल्याने आतलं पाणी जाणार नाही," दामिनी म्हणाली. "खालीच कोंडून राहील. उलट ते उपसून परत कारखान्यात न्यायला हवं, आजच्या आज. जितकं निघेल तितकं."

"उपसलं की दिसलं," धर्मेंद्र म्हणाला. "आणि दिसलं की अण्णांचं नाव. बहात्तर वर्षांच्या माणसाला मी मंडळाच्या साहेबांसमोर उभं करू? मी सांगतो, टँकर उसात पसरले, माप माझं चुकलं. नोकरी जाईल. जाऊ दे."

"म्हणजे खोटं लिहिशील. आणि पाणी कुठून येतंय ते कोणाला कळणारच नाही. ते चुकीच्या जागी शोधत बसतील, दादा."

"तू उद्या नाशिकला जाशील. आम्हाला इथे राहायचंय."

हे दामिनीला लागलं. ती काही बोलणार, तेवढ्यात मागून मीनाबाईंचा आवाज आला. घागर अजून त्यांच्या हातातच होती.

"आन कालीबाईले बी इठेच ऱ्हानं शे," त्या म्हणाल्या. "तिन्हा नातू काय पेई? मुरूम?"

भूपेंद्रने मान खाली घातली. "माय, अण्णाले कितला त्रास होई, देख ना."

"तेस्ले त्रास आतेच व्हई ऱ्हायना. तीन महिना खाटवर झोप नई तेस्ले. माले वाटे, म्हातारपन." त्यांनी घागर धर्मेंद्रसमोर धरली. "हाई लई जा इहीरवर. मोहिनी तयार शे."

"माय, त्या पाण्यावर पूजा करायची?"

"बिमार मानूसले आपन घरमातून काढी देतस का?"

---

मोहिनीच्या अंगावर फार दिवसांनी ऊन पडलं होतं. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात हळदीकुंकवाचं ताट. मागे तिची आई बाळाला घेऊन चालत होती. पाच सवाष्णी गाणं म्हणत निघाल्या, पण विहिरीचा वास आला तसं एकेकीचं गाणं थांबलं. जळक्या गुळासारखा वास. नाकात जाऊन बसणारा.

घरात तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ओली बाळंतीण, तिला कशाला सांगायचं. पण भिंतींना कान नसले तरी बाळंतिणीला असतात. सव्वा महिना खोलीत पडून ती सगळं ऐकत होती. सकाळचे आकडेही तिने ऐकले होते.

कठड्याला तिने हळदीची पाच बोटं ओढली. पान ठेवलं, सुपारी ठेवली, घुगऱ्या वाहिल्या. मग दोर धरून घागर सोडली. घागर बुडताना बुडबुड आवाज आला, आणि ओढताना ती नेहमीपेक्षा जड होती, की आपणच अशक्त झालोय, हे तिला कळेना. वर आली तेव्हा तोंडाशी फेस होता. तांब्याच्या घागरीच्या उजळ काठावर तपकिरी पाण्याची रेघ उमटली.

तिच्या आईने बाळाचं तोंड पदराने झाकलं.

शांतीलाल पुढे आले. डोक्यावर टोपी होती, सदरा धुतलेला होता. ते मोहिनीसमोर उभे राहिले, किंचित वाकले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

"अण्णा, नका," धर्मेंद्र म्हणाला.

"बेटा, ओत," शांतीलाल मोहिनीला म्हणाले.

मोहिनीने घागर कमरेवर धरली. ती कलती करणं तिच्या हाताला जमेना.

"आम्ही पंधरा दिन वस्तीले हाईच पाजं," शांतीलाल म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण विहिरीच्या कठड्यावरून तो सगळ्यांपर्यंत गेला. "मी पाजं. मळीनं पानी मी जुनी इहीरमा भरं. सव्वीस टँकर. त्या इहीरपासून ही इहीरलगून आडवं बोअर शे, मीच मारेल. मी इसरनू. मंग आठोनं, तरी बोलनू नई. धर्माले माहीत नई व्हतं. भूपाले बी नई. ओत, बेटा. मालेच पेवा दे."

रामसिंग नाल्याच्या बाजूला उभा होता, त्याच्या मागे कालीबाई. भूपेंद्रने खिशातून मोबाइल काढला, थोडा दूर गेला, आणि त्याचे दोनच शब्द ऐकू आले, "येऊ नको."

"उद्या मी बोलसू त्या लोकेस्ले," शांतीलाल धर्मेंद्रला म्हणाले. "तू खोटं काय बी लिखू नको."

धर्मेंद्रने टँकर पाठवताना शेतावर येऊन पाहिलं नव्हतं. वडील म्हणाले म्हणून वहीत 'उसाला' असं लिहिलं होतं. तेही उद्या सांगावं लागणार होतं. तो वडिलांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"दामूताई," कालीबाईने विचारलं, "कितला पावसाया लागतीन, पानी पह्यलेसारखं व्हवाले?"

दामिनीला वस्तीवरचे सगळे आकडे पाठ होते. हा एक आकडा तिच्याकडे नव्हता. "माहीत नाही, काकू," ती म्हणाली. "उपसून काढू. दरमहा येऊन तपासेन. पण किती वर्षं, ते मला माहीत नाही."

कालीबाईने मान हलवली, जणू तिला एवढंच हवं होतं.

मोहिनीने घागर खाली ठेवली. ती सासऱ्यांच्या ओंजळीत रिकामी केली नाही आणि विहिरीतही नाही. दूर बांधाखाली, जिथे काही उगवत नव्हतं, तिथे मीनाबाईंनी ती ओतून आणली. मग पाहुण्यांसाठी भूपेंद्रने जास्तीचे आणलेले चार जार ट्रॅक्टरमध्ये होते, त्यांतला एक त्यांनी फोडला, घागर विसळली आणि निम्मी भरून सुनेच्या हातात दिली. काय करायचं ते सांगितलं नाही. मोहिनी कठड्याशी गेली आणि तिने ते पाणी विहिरीत सोडलं, सावकाश, धार तुटू न देता. आजवर या घरातली प्रत्येक सून विहिरीचं पाणी घेऊन परतली होती; मोहिनीने ते विहिरीला दिलं.

तळाशी दोन घोट उरले. ते तिने शांतीलालांच्या ओंजळीपुढे धरले. त्यांनी हात मागे घेतले.

"थोर मानूसले देतस पहिली ओंजळ," ते म्हणाले. "रामसिंग मन्हापेक्षा तीन वरीसनी मोठा शे."

रामसिंगने पाण्याकडे पाहिलं. "पाटील, मी आते काय पेसू," तो म्हणाला. "वस्तीवर पोरे शेतस. जार तिकडे धाडा."

भूपेंद्रने ट्रॅक्टर चालू केला. तीन जार उरले होते. कालीबाई मागे चढून बसली आणि एक हात तिने जारांवर ठेवला, ते धक्क्याने कलंडू नयेत म्हणून. बाळ रडायला लागलं, त्याला कोणीतरी पदराआड घेतलं.

दुपारी घरात सगळे परतले, तेव्हा चूल पेटलेली होती. घुगऱ्या थंड झाल्या होत्या. मोहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली. पहिली ओंजळ कोणीच प्यायलं नव्हतं. आत यावं की अजून बाहेरच बसावं, हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिने मीनाबाईंकडे पाहिलं तेव्हा त्यांनाही ते माहीत नव्हतं.